बरणीवाले सर

आमच्या घरात कचरा होत नाही. हे मी म्हणत नाही, माझा नवरा म्हणतो, आणि तेही माइकवरून. वर्षभराचा सगळा कचरा या एका काचेच्या बरणीत मावतो, असं तो सांगतो, बरणी डोक्याच्या वर धरतो आणि टाळ्या थांबेपर्यंत खाली घेत नाही. मला विचाराल, तर आमच्या घरात कचरा राहत नाही, कारण तो रोज सकाळी साडेआठला माझ्याबरोबर कामाला जातो. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दुकानामागे मोठे डबे आहेत. खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी आणि हातात घट्ट गाठ मारलेली काळी पिशवी, अशी मी गेली सहा वर्षं घराबाहेर पडते आहे. त्या काळ्या पिशवीत काय नेतेस, हे त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही.

पूर्वी तो विमा कंपनीत होता. तिथे माणसांना त्यांच्या मरणाची भीती घालायचा. निवृत्त झाल्यावर पृथ्वीच्या मरणाची घालायला लागला. आवाज तोच, हातवारे तेच, मधेच थांबून खाली बघणंही तेच. लोक त्याला ‘बरणीवाले सर’ म्हणतात आणि त्याला ते बिरुदासारखं वाटतं.

मी सुरुवातीला त्याच्या भाषणांना जायचे. वाचनालयाचं सभागृह, शाळा, कारखान्याचं कॅन्टीन, कुठेही जा, थाट एकच. मागे चकचकीत फ्लेक्स, त्यावर ‘प्लॅस्टिकला नकार’. तो फ्लेक्स स्वतःच प्लॅस्टिकचा आहे हे सभागृहात फक्त मला आणि तो टांगणाऱ्या माणसाला माहीत असायचं. श्रोते गाडीतून यायचे, एकेका गाडीतून एकेक. भाषणात सर सांगायचे, पंखा एकवर ठेवा, दात घासताना नळ बंद करा, आणि बायका वहीत लिहून घ्यायच्या. या गोष्टी घरी त्यांच्या आयांनी सांगितल्या असत्या, तर ‘आई, पुरे गं’ म्हणाल्या असत्या. शेवटी आभार आणि भेट म्हणून एक रोप. प्लॅस्टिकच्या कुंडीत, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर रिबीन. अशी चाळीस-बेचाळीस रोपं आमच्या गच्चीत आली. नवरा त्याला ‘माझं जंगल’ म्हणायचा आणि पाणी घालायला विसरायचा. मी वर्षभर घातलं, मग मीही सोडून दिलं. आता तिथे वाळक्या काड्या उभ्या आहेत.

आणि ती बरणी. ती मीच भरते. सरांना कचऱ्याला हात लावायला वेळ नसतो, ते कचऱ्यावर बोलतात. दर काही महिन्यांनी मी तीत दाखवण्याजोगं काही टाकते. फळावरचा स्टिकर, संपलेली रिफील, तुटलेलं बटण, ब्रेडच्या पिशवीची तार. कांद्याच्या साली, माशाचे काटे, केसांचा गुंता असलं काही नाही. तो एकेक वस्तू चिमट्याने काढून तिची गोष्ट सांगतो. ‘हे बटण मी सात वर्षं वापरलं,’ असं तो एकदा म्हणाला. ते बटण मला दुकानाच्या पायरीवर सापडलं होतं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. नवऱ्याला एखादा नाद असतोच. पण घरात आई होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या. एका माणसाची तार काढून दुसऱ्याला जोडायची, दोघं काय बोलतात ते कानावर आलं तरी विसरायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना ऐकू सगळं यायचं आणि बोलायच्या त्या मोजकं. दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या पलंगाला खिळल्या. तेव्हापासून दिवसाला चार डायपर. शिवाय हातमोजे, मलमांच्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं. माझी काळी पिशवी बहुतेक त्यानेच भरायची. बरणीत यातलं काहीच नसायचं, कारण सरांचा नियम होता की औषधपाण्याचा कचरा धरायचा नाही.

भाषणाची तालीम मात्र तो त्यांच्याच खोलीत करायचा. त्या खोलीतल्या कपाटाला मोठा आरसा आहे. आई निमूट ऐकायच्या. त्यांना ते अख्खं भाषण पाठ झालं होतं. कधी तो मधेच अडखळला, तर उशीवरून त्या पुढचा शब्द सांगायच्या.

मग गावातल्या कुठल्याशा मंडळाने ‘हरित घर’ नावाचा पुरस्कार काढला. दीड महिन्यानंतरच्या एका रविवारी सकाळी तीन परीक्षक घर बघायला येणार, संध्याकाळी मोठ्या सभागृहात भाषण, तिथेच निकाल. नवऱ्याने अर्ज आणला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. अर्जात सहा आठवड्यांची नोंद मागितली होती, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की घरात रुग्ण असल्यास त्याचाही कचरा मोजावा.

त्या दिवशी त्याने मला आईंच्या दाराशीच गाठलं.

“आईला थोडे दिवस ताईकडे पाठवू या का?”

“ताई राहतात चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तुम्ही उचलून नेणार का?”

“मग एखाद्या शुश्रूषा केंद्रात. आधी सहा आठवडे. तिला आवडलं, तर पुढेही तिथेच. सोबत मिळेल तिला.”

“तुमच्या बरणीसाठी?”

“प्रश्न बरणीचा नाहीये, तत्त्वाचा आहे.”

“मग तत्त्वाला म्हणावं, रात्रीचा डायपर बदलायला ये.”

त्याने अर्ज पुन्हा उलटून पाहिला. मग म्हणाला, “कापडाचे वापरले तर?”

“धुणार कोण?”

त्याने खिडकीबाहेर बघितलं. असा प्रश्न आला की त्याला खिडकीबाहेर निसर्ग दिसायला लागतो.

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला, “आधी नोंद तर ठेवू. आकडा खाली आला, तर आईला पाठवायची वेळच येणार नाही.”

दार अर्धं उघडं होतं. आत आई डोळे मिटून पडल्या होत्या. त्या झोपल्यात असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी त्याने जाड कागदावर तक्ता आखला आणि आईंच्या कपाटाच्या दारावर, बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर चिकटवला. खाली आठवडे, वर नग. हिरव्या स्केचपेनने खांब. डायपरला त्याने ‘नग’ हा शब्द शोधून काढला होता. पहिल्या आठवड्यात एकोणतीस नग. परीक्षकांना बरं दिसावं म्हणून गच्चीतल्या जंगलातलं एकुलतं एक जिवंत रोप आणून त्याने पलंगाला लागून असलेल्या खिडकीत ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात सव्वीस झाले. तिसऱ्यात बावीस. दर रविवारी तो खांब रंगवायचा आणि वळून म्हणायचा, “वा आई! छान प्रगती आहे!” पहिलीतल्या मुलाला म्हणावं तसं. आई हसायच्या.

चौथ्यात एकोणीस, पाचव्यात सोळा. भाषणात आता नवीन तुकडा आला होता. ‘माझ्या घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे. तरीही आम्ही रुग्णाचा कचरा निम्म्यावर आणला. इच्छाशक्ती हवी!’ कुणाची इच्छाशक्ती, ते त्याने सांगितलं नाही. त्याला माहीतही नव्हतं.

आता माझं ऐका. माझं नवऱ्याबद्दलचं मत तुम्हाला कळलंच आहे, पण मी तरी काय दिवे लावले? दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी गोळ्या देताना विचारते, पाणी भरपूर पिता ना? सवयच आहे जिभेला. आणि घरी डायपर दिवसाला चारचे दोन झाले, तर मला काय वाटलं? बरं वाटलं. पिशवी हलकी झाली. रात्रीचं उठणं टळलं. नवीन कंपनीचा माल चांगला शोषतो, असा मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला आणि दोन गिऱ्हाइकांना तो खपवलाही. खोलीत जरा उग्र वास यायला लागला होता. मी खिडकी उघडली. आई जास्त झोपायला लागल्या होत्या. मी म्हटलं, वय झालं. शनिवारी दुपारी त्या मला म्हणाल्या, “पाच नंबरची लाइन बघ गं, कधीची वाजतेय.” मी म्हटलं, स्वप्नात असतील.

खिडकीतलं रोप मात्र तरारलं होतं. नवी पानं, चकचकीत, तळहाताएवढी. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. “बघा, घरात प्रेम असलं की झाडाला कळतं.”

रविवारी दहा वाजता परीक्षक आले. एक निवृत्त अधिकारी, प्रत्येक खोलीत आधी छताकडे बघणारे. एक तरुण बाई, ज्या फक्त फोटो काढत होत्या. आणि तिसऱ्या एक रोपवाटिका चालवणाऱ्या, पन्नाशीच्या, नखांत माती असलेल्या. नवऱ्याने स्वयंपाकघरातले चार रंगांचे डबे दाखवले. ते शुक्रवारी संध्याकाळी आणले होते. मग बरणी दाखवली, बटणाची गोष्ट सांगितली. सगळ्यात शेवटी आईंची खोली.

“आणि हा आमचा तक्ता,” तो म्हणाला. “एकोणतीसवरून तेरा. ही सगळी आईची साथ.”

अधिकाऱ्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. “उल्लेखनीय,” ते म्हणाले. पलंगाकडे कुणी बघत नव्हतं. फोटोवाल्या बाईंनी खिडकीतल्या रोपाचा फोटो काढला. “किती टवटवीत!”

रोपवाटिकावाल्या पुढे झाल्या. त्यांनी कुंडीच्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, वास घेतला.

“पाणी कोण घालतं याला?”

“घरातलेच आम्ही,” नवरा म्हणाला.

“फार होतंय. चिखल झालाय नुसता. वरून छान दिसतंय, पण मुळं कुजायला लागलीत. रोज लिटरभर तरी जात असणार.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही घालता का?”

मी घालत नव्हते. नवरा घालत नव्हता. मी पलंगाशेजारच्या स्टुलाकडे बघितलं. सकाळी सातला काठोकाठ भरून ठेवलेला पेला रिकामा होता. रोज तीन-चार वेळा मी तो भरायचे आणि रोज तो रिकामा व्हायचा, आणि मी म्हणायचे, आई नीट पाणी पितात. पेल्यापासून कुंडी हातभरावर होती.

मी वाकून त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. ओठांना भेगा होत्या. “आई, जीभ दाखवा.” त्यांनी दाखवली. सुकून तपकिरी झाली होती.

“अहो, रुग्णवाहिका बोलवा.”

“हो, हो. दहा मिनिटं. ही मंडळी निघू दे,” नवरा दबक्या आवाजात म्हणाला आणि परीक्षकांकडे बघून हसला.

मी तिथेच, त्या तिघांच्या समोर फोन लावला. पत्ता सांगताना माझा आवाज चढला होता. रोपवाटिकावाल्या बाई पलंगावर बसल्या आणि गाडी येईपर्यंत आईंचा हात धरून राहिल्या. अधिकारी अर्जावर काहीतरी लिहीत होते. बहुधा डब्यांचे गुण.

रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीने विचारलं, “किती दिवसांपासून पाणी कमी आहे?”

“सहा आठवडे,” मी म्हटलं. मग कुणी विचारलेलं नसताना म्हटलं, “मी औषधांच्या दुकानात काम करते.”

तिने फक्त माझ्याकडे बघितलं, आणि तेवढं मला पुरलं. लघवीत जंतू झाले होते, ताप होता, मूत्रपिंडावर ताण आला होता. अजून दोन दिवस गेले असते तर, असं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं आणि सलाईन जोडलं. सुया, नळ्या, हातमोजे, कापूस. तासाभरात पलंगाखालची बादली भरली. त्या बादलीइतकी सुंदर वस्तू मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

नवरा आला, पाव तास उभा राहिला, नाकाला रुमाल लावून. म्हणाला, “संध्याकाळी दोनशे लोक येणार आहेत. आईला विचारलं, तर तीही म्हणेल जा.” बरोबर होतं त्याचं. त्या म्हणाल्याच असत्या.

दुपारी आईंना जरा शुद्ध आली. डॉक्टर म्हणाली, आता तोंडाने पाणी सुरू करा, थोडं थोडं, आणि दिवसभरात किती पोटात गेलं ते मला सांगा. मी कपडे आणायला घरी गेले. नवरा आत अंघोळीला होता, भाषणाचा खादीचा सदरा खुर्चीवर इस्त्री करून ठेवलेला. टेबलावर बरणीची लाकडी पेटी उघडी होती. मी बरणी काढली, सगळा ऐवज काळ्या पिशवीत ओतला, बरणी साबणाने दोनदा खळखळून धुतली. लिटरची बरणी, मोजायला सोयीची. मग आईंच्या खोलीतलं ते रोप आणलं आणि पेटीत ठेवून झाकण लावलं. त्याने ती सगळ्यांसमोर उघडावी, त्याचा हात त्या चिखलात जावा आणि त्याला कळावं, एवढीच माझी इच्छा होती. इतक्या वर्षांचं लग्न, पण माणसाकडून आशा सुटत नाही.

निघताना बरणी पिशवीत घातली आणि तक्ता फाडला.

सहाच्या सुमारास आईंनी डोळे उघडले. ओळखलं मला. पहिला प्रश्न विचारला, “किती झाले?”

“काय किती?”

“नग.”

मी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं, मी रागावले. त्या घाईघाईने म्हणाल्या, “कमी करते गं मी. तो म्हणाला ना, आकडा खाली आला तर पाठवणार नाही. मला तिथे नको पाठवू.”

“कुठेही पाठवत नाही. तक्ता फाडून टाकलाय मी.”

“कागदाच्या डब्यात टाकलास ना?”

“हो,” मी म्हटलं. मी तो घरातून निघताना रस्त्यात भिरकावला होता, चार तुकडे करून.

मी पेला त्यांच्या ओठांना लावला. त्या एक घोट घेऊन थांबल्या. अजून एक म्हटलं, तर मान हलवली. सहा आठवड्यांची शिस्त, अशी सुटते थोडीच. बरणी भरलेली होती तशीच उशाशी राहिली.

साडेसातला फोन वाजला. नवऱ्याने भाषणाचा व्हिडिओ पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘पहिला क्रमांक! आईला दाखव.’ मी लावला. पडद्यावर तो होता, मागे फ्लेक्स. त्याने पेटी उघडली. क्षणभर तोंड उघडं राहिलं. मग त्याने ते रोप बाहेर काढलं, हाताला लागलेला चिखल रुमालाला पुसला, खाली बघून थांबला, विम्याच्या काळात थांबायचा तसा, आणि आवाज ओला करून म्हणाला, “मित्रहो, आज मी बरणी आणलेली नाही. आज मी हे रोप आणलंय. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. पण स्वतःच्या वाट्याचं पाणी रोज या रोपाला घालून तिने ते जगवलंय. आत्ता ती रुग्णालयात आहे. यालाच मी त्याग म्हणतो.” मग टाळ्या, थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

म्हणजे त्याला कळलं होतं. एका क्षणात, पेटी उघडल्या उघडल्या, सगळं कळलं होतं. आणि कळल्यावर त्याने त्याचं हे केलं.

आई ऐकत होत्या. डोळे मिटून, मान किंचित एका बाजूला, कानाला अजून हेडफोन असावा तशा. टाळ्या चालूच होत्या. मला वाटलं, आता रडतील, किंवा त्यांना कौतुक वाटेल त्याचं, आईच ती.

“चौतीस वर्षांत,” त्या हळू म्हणाल्या, “मी कुणाची लाइन मधेच तोडली नाही. माणसं काय काय बोलायची. तरी नाही.”

“हो आई.”

“तोड ती.”

मी फोन बंद केला. खोलीत फक्त सलाईनचा थेंब पडत होता. आईंनी सुई नसलेला हात लांब केला आणि बरणीच्या काचेवर ठेवला.

“त्याचीच ना ही?”

“हो.”

“दे.”

मी पेला भरून दिला. त्या प्यायल्या. परत भरला, परत प्यायल्या, हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत गेला तरी थांबल्या नाहीत. बरणी अर्धी झाली, मग तळाला आली. मी जाऊन पुन्हा भरून आणली. आठ वाजून गेल्यावर कधीतरी त्यांनी माझी बाही ओढली आणि कुणी ऐकत नाही ना ते बघून कुजबुजल्या, “भिजलं गं.”

“भिजू दे,” मी म्हटलं आणि नवं पाकीट फोडलं.